मुक्तस्रोत स्वयंसेवक मंडळांचा ऱ्हास व पुनरुज्जीवन : नगर जिल्ह्यातील सामूहिक कार्याच्या अनुभवाच्या आधारे एक विवेचन

१. विषय व व्याप्ती

संगणकाची आज्ञावली कोणासही वाचता यावी, तीत आवश्यक तो बदल करता यावा आणि बदललेली प्रत दुसऱ्यास देता यावी, या तत्त्वावर निर्माण होणाऱ्या सॉफ्टवेअरला मुक्तस्रोत सॉफ्टवेअर अशी संज्ञा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली व लायनस टोरवाल्ड्‌स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या तीन-साडेतीन दशकांत या चळवळीने जो विस्तार साधला तो थक्क करणारा आहे. जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतो. अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच होय. या कार्याचा काही भाग मोठ्या कंपन्यांचे पगारी कर्मचारी करतात हे खरे. तथापि फार मोठा भाग अद्यापि स्वयंसेवकांच्या लहान लहान मंडळांवर अवलंबून आहे.

ही मंडळे स्थूलमानाने तीन प्रकारची असतात. काही मंडळे प्रत्यक्ष आज्ञावली लिहितात व तिची देखभाल करतात. काही ती आपल्या भाषेत आणतात. आणि काही महाविद्यालयांतून वा शहरांतून तिचा प्रसार व शिक्षण करतात. तिन्ही प्रकारांत एक अनुभव समान आढळतो. पहिली दोन-तीन वर्षे काम जोमाने चालते, मग ते मंदावते, आणि शेवटी एखाद-दुसरी व्यक्ती सारा भार वाहत राहते किंवा तीही थांबते. अशा मंडळाचे पुनरुज्जीवन कसे करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नास सामान्यतः जे उत्तर मिळते ते असे, की सभासदांचा उत्साह ओसरला, तो पुन्हा जागवावा. हे निदान अपुरे आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. मंडळाचा ऱ्हास होतो तो मुख्यत्वे देखभालीचा भार वाटून घेण्याची व्यवस्था मोडल्यामुळे किंवा ती मुळातच नसल्यामुळे. यास्तव पुनरुज्जीवन म्हणजे त्या व्यवस्थेची फेररचना होय. या विवेचनासाठी संगणकक्षेत्रातील उदाहरणांबरोबरच नगर जिल्ह्यातील सामूहिक कार्याचा अनुभवही विचारात घेतला आहे. मोडलेली सामाईक व्यवस्था पुन्हा उभी करण्याचे जे प्रयोग महाराष्ट्रात झाले, त्यांतील काही सर्वपरिचित प्रयोग याच जिल्ह्यातील आहेत. जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. येथे उल्लेखिलेल्या बहुतेक घटना त्यापूर्वीच्या असल्याने ‘नगर जिल्हा’ हे रूढ नाव वापरले आहे.

२. सामाईक धन कोणते ?

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये असे मत मांडले, की सर्वांना खुले असलेले कुरण शेवटी उजाड होते. कारण आपले एक जनावर अधिक चारण्याचा लाभ प्रत्येकास एकट्याला मिळतो, आणि हानी मात्र सर्वांत वाटली जाते. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या मताची मर्यादा दाखवून दिली. कुरणे, मासेमारीची क्षेत्रे, पाटबंधारे अशा अनेक सामाईक साधनांचा उपभोग लोक शतकानुशतके स्वतः केलेल्या नियमांनी घेत आले आहेत, हे त्यांनी प्रत्यक्ष अभ्यासाने सिद्ध केले. अशा टिकाऊ व्यवस्थांची आठ लक्षणेही त्यांनी सांगितली. या कार्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला हा विचार लावताना एक अडचण प्रथमदर्शनी उभी राहते. कुरणातील गवत चारल्याने संपते. आज्ञावलीची मात्र लाखो लोकांनी प्रत घेतली तरी तिचा एक शब्दही कमी होत नाही. मग येथे झीज होते ती कशाची ? उत्तर असे, की झीज होते ती देखभाल करणाऱ्याच्या वेळेची व अवधानाची. वापर करणाऱ्या प्रत्येकाची तक्रार कोणीतरी वाचावी लागते. नवशिक्याने पाठविलेला प्रत्येक बदल कोणीतरी तपासावा लागतो. आणि हे करणारे हात अगदी मोजके असतात. मुक्त परवान्याने आज्ञावलीचे संरक्षण होते, देखभाल करणाऱ्याचे होत नाही. आज्ञावली हे या क्षेत्रातील पीक मानले, तर देखभाल करणाऱ्यांचे अवधान ही तेथील जमीन मानावी लागेल. मंडळे पिकाचा हिशेब ठेवतात, जमिनीचा ठेवीत नाहीत. ऱ्हासाचे बीज बहुधा येथेच असते.

देखभाल हे दुय्यम दर्जाचे काम आहे, ही समजूतही या ऱ्हासास हातभार लावते. मराठीच्या अभ्यासकास तरी ती पटण्याचे कारण नाही. याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढील तीन शतकांत तिच्या प्रती हातोहात होत गेल्या आणि नकलाकारांच्या हातून पाठ भ्रष्ट होत गेला. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी हा ग्रंथ शोधून शुद्ध प्रत तयार केली. ग्रंथ कोणासही उतरून घेता येत होता, म्हणून तो पसरला. आणि कोणीतरी प्रती पडताळून पाहण्याचे कष्ट घेतले, म्हणून तो नीट राहिला. प्रसार व सांभाळ ही दोन वेगळी कार्ये आहेत. पहिले आपोआप होऊ शकते, दुसरे कधीही आपोआप होत नाही.

३. ऱ्हासाची प्रक्रिया

मंडळाचा ऱ्हास सामान्यतः भांडणाने होत नाही. तो कोणाच्या लक्षात न येता होतो. यामागील कारणे तीन प्रकारची दिसतात.

पहिले कारण कामाच्या स्वरूपात आहे. मराठीकरणाचे उदाहरण घेऊ. भारतीय भाषांत लिनक्स आणण्याचे संघटित प्रयत्न इंडलिनक्ससारख्या गटांनी २००० च्या सुमारास सुरू केले. लोहित हा देवनागरी टंक २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाला. पडद्यावर वारंवार येणाऱ्या संज्ञांचे प्रमाणीकरण करण्याचा फ्युएल हा उपक्रम २००८ मध्ये सुरू झाला. दरम्यान १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाही सुरू झाला होता. ग्नोम, लिब्रेऑफिस, फायरफॉक्स यांचे मराठी रूप ज्यांनी सिद्ध केले त्यांचे श्रम मोठे होते. परंतु हे काम एकदा पुरे करून बाजूला ठेवण्याजोगे नाही. ग्नोम आणि लिब्रेऑफिस यांच्या नव्या आवृत्त्या दर सहा महिन्यांनी निघतात, आणि प्रत्येक आवृत्तीत काही वाक्ये नवी येतात, काही बदलतात. केवळ समजुतीसाठी असे मानू, की एका प्रणालीत १,००० वाक्ये असून ती सर्व भाषांतरित झाली आहेत; प्रत्येक आवृत्तीत ४० नवी वाक्ये येतात आणि जुन्यांपैकी २० बदलतात. मंडळ दोन वर्षे स्वस्थ बसले तर चार आवृत्त्यांनंतर एकूण १,१६० वाक्यांपैकी २४० वाक्ये मराठीवाचून राहतील. म्हणजे पंचमांशाहून अधिक भाग पुन्हा इंग्रजीत दिसू लागेल. कोणीही काही बिघडविलेले नाही, तरी काम मागे पडले. भाषेचे अधिष्ठानही स्थिर नसते. ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले, आणि महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेविषयीचा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढला. अशा प्रत्येक बदलाबरोबर आधीचे टंक, कळफलक व शब्दसूची यांकडे पुन्हा वळावे लागते.

दुसरे कारण सभासदांच्या आयुष्यक्रमात आहे. महाविद्यालयीन मंडळात पदवीचा विद्यार्थी तीन-चार वर्षे आणि पदव्युत्तर विद्यार्थी दोन वर्षे असतो. जो सर्वांत जाणता होतो तोच उन्हाळ्यात परीक्षा देऊन पुण्या-मुंबईस किंवा बंगळूरला नोकरीस जातो. चार वर्षांत मंडळातील प्रत्येक माणूस बदलतो, हे गृहीत धरूनच अशा मंडळाची रचना करावयास हवी. प्रत्यक्षात ती पहिल्या पिढीच्या मैत्रीवर उभी असते, आणि मैत्री दुसऱ्या पिढीच्या हवाली करता येत नाही.

तिसरे आणि सर्वांत गंभीर कारण म्हणजे भाराचे केंद्रीकरण. जो काम करतो त्याच्याकडेच पुढचे काम येते. तो ते लवकर करतो म्हणून इतर शिकत नाहीत. इतर शिकत नाहीत म्हणून त्यास थांबता येत नाही. ७ एप्रिल २०१४ रोजी उघडकीस आलेल्या ‘हार्टब्लीड’ या दोषाने हे जगापुढे आणले. महाजालावरील गुप्त संदेशवहनाचा फार मोठा भाग ओपनएसएसएल या आज्ञावलीवर विसंबून होता. आणि त्या प्रकल्पात पूर्ण वेळ काम करणारी व्यक्ती एकच असून वार्षिक देणग्या सुमारे दोन हजार डॉलरच्या घरात होत्या. दोष दोन वर्षे आज्ञावलीत होता व तो कोणाच्या ध्यानात आला नव्हता. वापर करणारे असंख्य आणि पाहणारे मोजके, अशी ही स्थिती होती. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनने अशा मूलभूत प्रकल्पांसाठी निधी उभारला. पण त्याची गरज लक्षात येण्यास अनर्थ व्हावा लागला.

४. पुनरुज्जीवनाचे दोन फसवे मार्ग

मंडळ खचले, की पहिला उपाय सुचतो तो सभासदवाढीचा. व्याख्यान ठेवावे, प्रात्यक्षिक दाखवावे, शंभर विद्यार्थ्यांची नावे नोंदवावीत. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच दाखवून दिले होते, की रेंगाळलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसे वाढविली तर ते अधिकच रेंगाळते. कारण नव्यांना शिकविण्याचा आणि परस्परांशी संपर्क ठेवण्याचा भार जुन्यांवरच पडतो. हा सिद्धांत त्यांनी पगारी कामाविषयी मांडला. स्वयंसेवी मंडळास तो अधिकच लागू पडतो. ज्या मंडळात तपासणारा एकच आहे तेथे शंभर नवे लेखनिक आले, तर तो एक आणखी लवकर थकेल. शिवाय ज्याने पाठविलेल्या पहिल्या कामास महिनोन्‌महिने उत्तर मिळाले नाही, तो नवागत सहसा परत येत नाही. म्हणजे ही भरती जुन्यास थकविते आणि नव्यास दुरावते.

दुसरा फसवा मार्ग याच्या उलट टोकाचा आहे. जो कोणी पुढे येईल त्याच्या हाती सर्व किल्ल्या सोपवून मोकळे व्हावे, असे थकलेल्या माणसास वाटणे स्वाभाविक आहे. यातील धोका ‘एक्सझेड’ या प्रकरणाने स्पष्ट झाला. संचिका संक्षिप्त करणारी ही लहानशी आज्ञावली लासे कोलिन हे अनेक वर्षे जवळजवळ एकट्याने सांभाळीत होते. २०२१ पासून ‘जिया टॅन’ या नावाने एक व्यक्ती मदत करू लागली. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी कोलिन यांच्यामागे, काम मंद आहे, दुसऱ्यास अधिकार द्या, असा तगादा लावला; त्याच सुमारास त्यांनी आपल्या मानसिक अस्वास्थ्याचा उल्लेखही केला होता. अधिकार दिले गेले. आणि फेब्रुवारी व मार्च २०२४ मधील आवृत्त्यांत त्या नव्या सहकाऱ्याने एक चोरवाट लपविली. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला, त्याचा त्यांनी माग काढला, आणि २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार उघड झाला. त्या आवृत्त्या तोवर मुख्यत्वे चाचणीच्या प्रणालींपर्यंतच पोचल्या होत्या, म्हणून फार मोठी हानी टळली. येथे आज्ञावलीचा कच्चेपणा हे मूळ कारण नव्हते. एका थकलेल्या माणसाचे एकटेपण हेच मूळ कारण होते. मरगळलेल्या मंडळाचा प्रश्न केवळ त्या मंडळापुरता राहत नाही, तो या कारणाने.

५. हिवरे बाजारचा अनुभव व त्याच्या मर्यादा

सामाईक व्यवस्था मोडल्यावर ती कोणत्या क्रमाने उभी राहते, हे पाहण्यास नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव उपयुक्त आहे. अवर्षणप्रवण पट्ट्यातील हे गाव १९७२ च्या दुष्काळानंतर पार खालावले. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, लोक मजुरीसाठी बाहेर गेले, व्यसने वाढली. १९८९ मध्ये पोपटराव पवार हे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले तरुण सरपंच झाले. गावाने आरंभी शाळेच्या सुधारणेकडे लक्ष दिले. त्यानंतर डोंगरावर चर खणणे, झाडे लावणे, पाणी अडविणे ही कामे श्रमदान व शासकीय योजना यांच्या जोडीने हाती घेतली. १९९० नंतरच्या दशकात गाव आदर्श गाव योजनेत आले. नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान ही त्या योजनेची पंचसूत्री होती. तिच्या जोडीस शेतीच्या सिंचनासाठी विंधन विहीर घ्यावयाची नाही, असा नियम गावाने स्वतः केला. पुढे पावसाची मोजणी करून दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडण्याची, आणि त्यानुसार पिके ठरविण्याची प्रथा पडली. २००७ मध्ये गावास जलसंधारणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या अनुभवातील तीन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, क्रमाची. आरंभ सर्वांत मोठ्या प्रश्नापासून झाला नाही; सर्वांना दिसेल व पटेल अशा आटोपशीर कामापासून झाला. राळेगणसिद्धीतही अण्णा हजारे यांनी १९७५ मध्ये गावी परतल्यावर प्रथम यादवबाबांच्या मंदिराची दुरुस्ती स्वतःच्या पैशाने हाती घेतली. पाणलोटाचे काम त्यामागून आले. दुसरी गोष्ट नियमांच्या रोखाची. निर्बंध घातले गेले ते नेमक्या दुर्मिळ वस्तूवर, म्हणजे पाणी व वनस्पती यांच्या उपशावर. तिसरी गोष्ट हिशेबाची. पाणी किती आले व किती खर्चावयाचे, हे आकड्यांत आणि सर्वांसमक्ष ठरते. त्यामुळे नियम कोणा एकाची मर्जी म्हणून अंगावर येत नाही.

या तुलनेच्या मर्यादाही स्पष्ट केल्या पाहिजेत. गावकरी गावातच राहतात. त्यांची जमीन तेथे आहे. स्वयंसेवक मात्र कोणत्याही क्षणी निघून जाऊ शकतो, आणि त्यास अडविण्याचा अधिकार कोणासही नाही. ग्रामसभेमागे कायद्याचे बळ व शासनाचा निधी असतो. मंडळामागे यांतील काहीच नसते. शिवाय हिवरे बाजार व राळेगण या दोन्ही ठिकाणी एका नेत्याचे दीर्घकालीन अवधान लाभले. प्रत्येक महाविद्यालयास असा नेता लाभेल हे गृहीत धरता येत नाही. लाभला तरी तो चार वर्षांनी जाणार. म्हणून सूत्रे हवाली करण्याचा विचार दुसरीकडे शोधावा लागतो, आणि तो मुक्तस्रोत क्षेत्रातच चांगला विकसित झालेला आहे.

६. सूत्रांतराची व्यवस्था : डेबियनचा प्रघात

डेबियन हा १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी आरंभिलेला स्वयंसेवी प्रकल्प. हजारो आज्ञावलींचा तो संग्रह असून प्रत्येकीस नाव घेऊन सांगता येईल असा सांभाळकर्ता असतो. प्रकल्पप्रमुखाची निवड दरवर्षी सभासदांच्या मतदानाने होते. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की काम सोडण्याची तेथे रीतसर सोय आहे. सांभाळकर्त्यास मदत हवी असेल तर तशी जाहीर नोंद करता येते. उत्तराधिकारी हवा असेल तर तशी वेगळी नोंद करता येते. आणि सर्वस्वी सोडावयाचे असेल तर आज्ञावली ‘अनाथ’ म्हणून घोषित होते. यांपैकी कोणतीही नोंद कमीपणाची मानली जात नाही. जो न सांगताच थांबला त्याच्यासाठीही मार्ग आहे. दुर्लक्षित आज्ञावली सांभाळू इच्छिणाऱ्याने आपला हेतू जाहीरपणे नोंदवावा, किमान एकवीस दिवस वाट पाहावी, आक्षेप न आल्यास नवी आवृत्ती सादर करावी, आणि तीही सात दिवसांच्या विलंबाने अमलात यावी, असा तो नियम आहे.

या नियमात दोन्ही बाजूंचा विचार आहे. मूळ सांभाळकर्त्याचा मान राखला जातो, कारण त्यास बोलण्यास पुरेसा अवधी मिळतो. आणि काम त्याच्या मौनात अडकून पडत नाही, कारण अवधीस अंत आहे. शिवाय सर्व व्यवहार उघडपणे होत असल्याने, एखाद्या थकलेल्या माणसावर खाजगीत दबाव आणून अधिकार मिळविण्याचा मार्ग पुष्कळसा अरुंद होतो.

७. प्रस्तावित कार्यपद्धती

वरील विवेचनावरून, जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा महाविद्यालयात मरगळलेले मंडळ पुन्हा उभे करू इच्छिणाऱ्यांसाठी पुढील क्रम सुचविता येतो.

(अ) गणती. प्रथम नवे सभासद न शोधता असलेल्या कामांची यादी करावी. प्रत्येक कामापुढे ते आज प्रत्यक्ष कोण करतो, त्यास आठवड्यास किती तास लागतात, आणि तो उद्या न आल्यास कोण करील, हे तीन रकाने असावेत. तिसरा रकाना बहुधा रिकामा निघेल. मंडळाचा खरा आजार तेथे दिसेल. संकेतस्थळाचे नाव कोणाच्या खात्यावर आहे, परवलीचे शब्द कोणाजवळ आहेत, या क्षुल्लक वाटणाऱ्या बाबींचीही नोंद याच यादीत व्हावी.

(आ) भारनियमन. सांभाळणाऱ्यांचे तास मोजके आहेत हे मान्य करून त्यानुसार काम कमी करावे. चार प्रणालींचे मराठीकरण अर्धवट चालविण्यापेक्षा एकीचे पूर्ण करणे हितावह. पाऊस कमी झाला तर पीक बदलावे, हाच हिवरे बाजारचा ताळेबंद आहे.

(इ) पहिले पूर्ण काम. एका महिन्यात संपेल आणि बाहेरच्या माणसास दिसेल असे एकच काम निवडावे. फायरफॉक्समधील एका विभागातील राहिलेली वाक्ये, किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी मराठीतून लिहिलेली लिनक्सची स्थापनापद्धती, असे काहीही चालेल. मात्र ते संपले पाहिजे, आणि संपल्याचे जाहीर झाले पाहिजे.

(ई) दुहेरी सांभाळ. प्रत्येक कामास दोन व्यक्ती असाव्यात, आणि शक्यतो त्या वेगवेगळ्या वर्षांतील व वेगवेगळ्या गावांतील असाव्यात. सतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्राचा व चौदा तालुक्यांचा हा जिल्हा राज्यात क्षेत्रफळाने सर्वांत मोठा आहे. अकोल्याच्या आणि जामखेडच्या विद्यार्थ्यास दर आठवड्यास नगरला येणे शक्य नाही. मध्यवर्ती सभेवर विसंबणारे मंडळ प्रत्यक्षात नगर शहराचेच राहते. संगमनेर, लोणी, कोपरगाव, श्रीरामपूर अशा शिक्षणकेंद्रांत दोघा-तिघांचे लहान गट असणे अधिक टिकाऊ ठरेल.

(उ) हाती देऊन शिकविणे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांचे जे जतन केले, आणि ज्यासाठी त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्यामागील व्यवहार असा, की बियाणे नुसते साठवून टिकत नाही. ते पुन्हा पेरावे लागते आणि दुसऱ्याच्या शेतात जावे लागते. कामाच्या ज्ञानाचेही असेच आहे. लिहून ठेवलेली पद्धती आवश्यक आहे. परंतु नव्या माणसाने तिच्यावरून काम एकदा करून पाहीपर्यंत ती पुरती आहे की नाही हे कळत नाही. म्हणून वर्षातून एकदा प्रत्येक काम जुन्याने न करता नव्याने करावे, व जुन्याने केवळ पाहावे.

(ऊ) मुदत व हिशेब. पदास एका वर्षाची मुदत असावी आणि वर्षअखेरीस कामाचा ताळेबंद सर्व सभासदांपुढे ठेवावा. सहकारी चळवळीत मुरलेल्या या जिल्ह्यास हे नवे नाही. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या प्रयत्नांतून लोणी येथे उभ्या राहिलेल्या आणि १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू केलेल्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञ होते. सभासदांची नोंद, वार्षिक सभा, लेखापरीक्षण ही सहकाराची अंगे शेतकऱ्यांनी तेथे आत्मसात केली. स्वयंसेवी मंडळांस कायद्याने ही अंगे बंधनकारक नाहीत, म्हणून ती स्वेच्छेने स्वीकारावी लागतात, एवढाच फरक.

(ए) विश्वासाची पायरी. नव्या सहकाऱ्यास अधिकार टप्प्याटप्प्याने द्यावेत, आणि कोणताही महत्त्वाचा बदल दुसऱ्या माणसाने पाहिल्याखेरीज प्रसिद्ध होऊ नये. हा नियम सर्वांस, म्हणजे संस्थापकासही, सारखाच लागू असावा. तो अविश्वासाचा निदर्शक नसून, एकट्यावर जबाबदारी पडू न देण्याचा उपाय आहे.

८. विसर्जनाचा विचार

काही मंडळांचे पुनरुज्जीवन करू नये, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ज्या आज्ञावलीची गरज उरली नाही, किंवा जिचे काम दुसरीकडे अधिक चांगले होत आहे, तिच्यासाठी माणसांचे तास खर्च करणे म्हणजे दुर्मिळ साधनाचा अपव्यय होय. अपाची या संस्थेत प्रकल्पाची नवी आवृत्ती काढण्यास किमान तीन जबाबदार सभासदांची संमती लागते. जेथे तिघेही जमत नाहीत असा प्रकल्प ‘माळ्यावर’ ठेवण्याची व्यवस्था तेथे २००८ मध्ये करण्यात आली. आज्ञावली वाचनासाठी उपलब्ध राहते, परंतु तिची देखभाल होत नाही हे वापरणाऱ्यास स्वच्छ कळते. नाव चालू आणि काम बंद, या स्थितीपेक्षा हे प्रामाणिक आहे; कारण त्या स्थितीत वापरणारा एका अशा गोष्टीवर विसंबून राहतो, जिच्याकडे कोणीही पाहत नाही.

९. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. मुक्तस्रोत मंडळाचे सामाईक धन म्हणजे आज्ञावली नव्हे, तर ती सांभाळणाऱ्यांचे मर्यादित अवधान होय. या अवधानाचा हिशेब न ठेवणारे मंडळ, त्यात माणसे कितीही असली, शेवटी एका व्यक्तीच्या खांद्यावर येऊन ठेपते. आणि ती व्यक्ती थांबली म्हणजे मंडळ थांबते किंवा भलत्याच्या हाती जाते. उलटपक्षी, कामाची गणती, कामाची मर्यादा, दुहेरी सांभाळ, सोडण्याची रीतसर सोय आणि वार्षिक ताळेबंद या पाच गोष्टी जेथे आहेत तेथे मोजक्या माणसांतही काम चालू राहते.

मराठीच्या दृष्टीने या प्रश्नास निकड आहे. संगणकाच्या पडद्यावरील मराठी ही कोणा एका कंपनीच्या मर्जीवर राहावी, की मराठी भाषकांच्या हाती असावी, याचा निर्णय घोषणांनी होणार नाही. तो जिल्ह्याजिल्ह्यांतील विद्यार्थ्यांची व अध्यापकांची लहान मंडळे दर सहा महिन्यांनी येणारी नवी वाक्ये नेमाने भाषांतरित करतात की नाही, यावर ठरणार आहे. विद्यापीठीय विभागांनी या कामाकडे विद्यार्थ्यांचा फावल्या वेळचा उद्योग म्हणून न पाहता अभ्यासविषय म्हणून पाहिले, त्याच्या नोंदी ठेवल्या, आणि एका तुकडीकडून दुसरीकडे सूत्रे जाण्याची जबाबदारी एखाद्या अध्यापकाकडे सोपविली, तर मंडळांना आज नसलेले सातत्य लाभेल. विद्यार्थी बदलतात, विभाग राहतो. म्हणून हे सातत्य राखण्यास विभागच सर्वांत योग्य स्थितीत आहे.